घड्याळ रोजंदारीचे, काम गुत्त्याचे

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या धानाच्या पट्ट्यातली मुले-मुली इंजिनिअर होतात आणि नागपूरच्या मिहानमध्ये किंवा पुण्याच्या हिंजवडी-खराडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागतात. घरच्यांना पगाराचा आकडा कळतो, कंपनीचे नाव पाठ होते. पण रात्री नऊ वाजता फोन केला तरी ‘मीटिंग सुरू आहे, नंतर बोलतो’ असेच उत्तर का येते, हे त्यांना उमगत नाही. विचारलेच तर स्प्रिंट, स्टँडअप, रिलीज असे शब्द कानावर पडतात. हे सगळे शब्द अॅजाइल नावाच्या कार्यपद्धतीतले आहेत, आणि आज बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्या आपण याच पद्धतीने काम करतो असे सांगतात. या पद्धतीबद्दल दोन उलट मते ऐकू येतात. प्रशिक्षण देणारे म्हणतात, अॅजाइलमुळे काम आवाक्यात राहते आणि माणूस वेळेवर घरी जातो. काम करणाऱ्यांपैकी अनेकांचा अनुभव असा की, पूर्वी वर्षातून एकदा येणारी मुदत आता दर दोन आठवड्यांनी येते. दोन्ही मतांना आधार आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. अॅजाइलमुळे तास कमी झाले की वाढले, याचे उत्तर त्या पद्धतीच्या बैठकांत आणि तक्त्यांत सापडत नाही. ठरलेल्या वेळात किती काम बसवायचे हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर ते अवलंबून असते. तो अधिकार काम करणाऱ्यांकडे असेल तर तास आटोक्यात राहतात. तो करारावर सही करणाऱ्यांनी आधीच वापरून टाकला असेल, तर तीच पद्धत संध्याकाळ गिळू लागते.

हे समजण्यासाठी अॅजाइलच्या आधीची रीत पाहावी लागते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मोठे सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने बनवले जाई. आधी ग्राहकाच्या सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग प्रोग्रॅम लिहिणे, आणि सर्वांत शेवटी चाचणी. कागदावर ही रचना शिस्तीची दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्याला थोडा उशीर होतो, शेवटची तारीख मात्र हलत नाही, त्यामुळे सगळा उशीर शेवटच्या टप्प्याच्या अंगावर येतो. चाचणीला सुरुवात झाली की चुका एकदम बाहेर पडतात, त्यातल्या काही थेट आराखड्यातच असतात, आणि मग शेवटचे दोन-तीन महिने माणसे कार्यालयातच राहू लागतात. अमेरिकी लेखक एडवर्ड युर्डन यांनी १९९७ साली अशा प्रकल्पांवर एक पुस्तकच लिहिले आणि त्याला ‘डेथ मार्च’ हे नाव दिले. जादा तास हे त्या काळी अपवाद नव्हते. ते कामाच्या रचनेतच होते, फक्त ते सगळे एका हंगामात साठून येत.

या अनुभवावरची प्रतिक्रिया म्हणून नव्वदच्या दशकात निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या पद्धती मांडल्या. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांच्यापैकी १७ जण अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी जमले आणि त्यांनी अॅजाइलचा जाहीरनामा तयार केला. आज या जाहीरनाम्याची आठवण काढताना वेग, बदल, ग्राहकाचे समाधान यांवर भर दिला जातो. त्याला जोडलेल्या १२ तत्त्वांपैकी एक तत्त्व मात्र थेट कामाच्या तासांबद्दल आहे. पैसा देणारे, काम करणारे आणि सॉफ्टवेअर वापरणारे या सर्वांना कितीही काळ टिकवता येईल असाच कामाचा वेग असावा, असे ते सांगते. हे तत्त्व दयाबुद्धीने घातलेले नव्हते. त्याची मुळे केंट बेक यांच्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ या पद्धतीत आहेत. १९९९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात आठवड्याला ४० तास काम हा त्या पद्धतीचा एक नियमच होता. एखाद्या आठवड्यात जादा काम करावे लागले तर हरकत नाही, पण लागोपाठ दुसऱ्या आठवड्यातही करायचे नाही. दुसऱ्या आठवड्यातही गरज भासत असेल, तर दुखणे तासांत नाही, आखणीत आहे, आणि ते जादा तासांनी बरे होणार नाही, असा त्यामागचा विचार होता.

त्यामागचे तांत्रिक कारणही पक्के आहे. प्रोग्रॅम लिहिणे हे बारीक लक्षाचे काम आहे. थकलेला माणूस कामाच्या ओळी वाढवू शकतो, पण त्यांत चुकाही पेरतो, आणि त्या चुका त्याच रात्री दिसत नाहीत. त्या आठवड्यांनंतर दुसऱ्याच कोणाच्या तरी कामात उगवतात, आणि तोवर त्या शोधणे व काढणे कितीतरी महाग झालेले असते. म्हणजे आजचे दोन जादा तास पुढच्या महिन्यातले चार तास उसने घेतात. म्हणूनच एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये तासांच्या मर्यादेबरोबर दोघांनी एका संगणकावर बसून काम करणे, प्रत्येक बदलाची आपोआप होणारी चाचणी आणि प्रत्येकाचे काम दिवसातून अनेकदा एकत्र जोडून पाहणे हे नियम होते. दोघांनी मिळून एकाग्रतेने केलेले काम बारा तास चालूच शकत नाही. आपोआप होणाऱ्या चाचण्यांमुळे चुका त्याच दिवशी सापडतात आणि रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती देण्याच्या, आदल्या रात्रीचे जागरण टळते. तासांची मर्यादा आणि कामाची तांत्रिक शिस्त एकमेकींच्या आधाराने उभ्या होत्या. त्यातली एक काढून घेतली की दुसरी फार काळ टिकत नाही.

या पद्धतीचा मूळ हिशेब साधा आहे. वेळ पक्की ठेवायची आणि काम सैल ठेवायचे. दोन आठवड्यांचा एक स्प्रिंट धरायचा, करायच्या कामांची यादी महत्त्वाच्या क्रमाने लावायची आणि या दोन आठवड्यांत वरची किती कामे होतील हे काम करणाऱ्यांनीच सांगायचे. जे बसणार नाही ते पुढच्या खेपेला. अंदाज बांधण्यासाठी पूर्वी ‘आदर्श दिवस’ हे माप वापरत. कोणी मध्ये बोलावले नाही, बैठक नाही, अडथळा नाही, तर हे काम किती दिवसांत होईल? प्रत्यक्षात अशा एका आदर्श दिवसाच्या कामाला सुमारे तीन दिवस लागतात, असा अनुभव होता. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, रॉन जेफ्रीज, यांनी सांगितल्याप्रमाणे वरिष्ठ मंडळी एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का लागतात असे विचारू लागली, म्हणून मापातून दिवस काढून टाकले आणि नुसते ‘पॉइंट’ ठेवले. पुढे हेच स्टोरी पॉइंट माणसांची आणि संघांची तुलना करायला वापरले जाऊ लागले, आणि जेफ्रीज यांनी त्यांच्या निर्मितीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. या छोट्या इतिहासातून कळते की काम करणाऱ्याने स्वतःच्या आखणीसाठी तयार केलेले माप वरून जाब विचारणाऱ्याच्या हाती गेले, की त्याचा उपयोग उलटा होतो.

मूळ हिशेब पाळला तर तास खरोखर कमी होतात का? याचा थेट अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या ख्रिस मान आणि फ्रँक मॉरर यांनी एका कंपनीत दोन वर्षे पाहणी करून २००५ साली निष्कर्ष मांडले. स्क्रम ही अॅजाइलची सर्वांत प्रचलित शाखा तिथे सुरू झाल्यावर सरासरी जादा तास घटले आणि आठवड्या-आठवड्यातला चढउतारही कमी झाला. दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा आहे. माणसाला जादा कामाइतकाच त्याचा बेभरवसा छळतो, कारण कोणत्या आठवड्यात घरी वेळेवर पोचता येईल हेच सांगता येत नाही. अर्थात ही एका कंपनीची पाहणी आहे आणि तिच्यावरून साऱ्या जगाबद्दल बोलता येत नाही. पण योग्य परिस्थितीत अॅजाइलमुळे तास कमी होऊ शकतात, एवढे ती नक्की दाखवते.

ती योग्य परिस्थिती कोणती, हे भारतातल्याच एका प्रसंगातून स्पष्ट होते. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणारा एक छोटा संघ हैदराबादेत काम करत होता. काम मागणाऱ्या विभागांच्या लेखी तो कंपनीतल्या सर्वांत वाईट कामगिरीच्या संघांपैकी एक होता. मागितलेली दुरुस्ती मिळायला सुमारे पाच महिने लागत. मायक्रोसॉफ्टमधल्याच डेव्हिड अँडरसन आणि ड्रॅगोस दुमित्रिउ यांनी पाहणी केली तेव्हा दिसले की संघाचा एक तृतीयांशाहून अधिक वेळ नव्या मागण्यांना किती दिवस लागतील याचे अंदाज देण्यातच जातो, आणि त्यातल्या बऱ्याच मागण्या पुढे कधी हातीही घेतल्या जात नाहीत. त्यांनी अंदाज देणे बंद केले, एका वेळी हातात किती कामे असावीत याला मर्यादा घातली आणि एक काम बाहेर पडल्यावरच पुढचे आत घ्यायचे असा नियम केला. नऊ महिन्यांत वाट पाहण्याचा काळ काही आठवड्यांवर आला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपली कामाची रीत बदलली नव्हती, कोणाला जास्त वेळ बसवले नव्हते. बदलले ते काम आत येण्याचे दार आणि त्या दाराचा ताबा. पुढे कानबान या नावाने प्रसिद्ध झालेल्या पद्धतीची ही सुरुवात.

पण अॅजाइलच्या वंशावळीत दुसरा एक पूर्वज आहे, आणि तो तासांबाबत इतका उदार नाही. स्क्रम ही कल्पना १९८६ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आलेल्या हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांच्या लेखातून आली. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवे उत्पादन कसे घडले याचे वर्णन त्यात आहे. वेगवेगळ्या खात्यांतली माणसे एका संघात आली, टप्पे एकमेकांत मिसळले आणि काम झपाट्याने झाले. त्याच लेखाच्या शेवटी लेखकांनी एक इशाराही दिला होता. ही पद्धत माणसांकडून असामान्य कष्ट मागते, आणि काही संघांत महिन्याला एरवी ६० तास, तर ऐन गर्दीत १०० तासांपर्यंत जादा काम झाले. लेखात संघाला दिलेली रग्बीतल्या एकवटलेल्या जथ्याची उपमा सगळ्यांच्या लक्षात राहिली, हा इशारा मात्र फार थोड्यांनी वाचला. स्क्रमच्या कर्त्यांनी पुढे काही दुरुस्त्या केल्या. २०११ च्या नियमपुस्तिकेत संघाने निवडलेले काम हा अंदाज मानावा, हमी मानू नये, असा बदल आला. २०२० च्या आवृत्तीत टिकाऊ वेगाचा स्पष्ट उल्लेख आहे. तरी दोन स्वभाव या पद्धतीत आजही एकत्र नांदतात. एक म्हणतो, वेळ संपली की थांबा. दुसरा म्हणतो, संघ म्हणून सर्वस्व ओता. कोणता वरचढ ठरेल, हे पद्धतीच्या बाहेर ठरते.

महाराष्ट्रात ते करारात ठरते. पुण्याचा सॉफ्टवेअर उद्योग आज घरोघरी माहीत असला तरी तो कशावर उभा राहिला हे लक्षात घ्यायला हवे. १९८१ साली टाटांनी पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था सुरू केली. इन्फोसिसची स्थापनाही त्याच वर्षी पुण्यातच झाली. १९९० मध्ये केंद्र सरकारने सॉफ्टवेअर निर्यातीसाठी जी पहिली तंत्रज्ञान उद्याने उभारली, त्यांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर पुणे होते. आनंद देशपांडे यांची पर्सिस्टंट १९९० चीच. पुढे एमआयडीसीने हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवले. या साऱ्या वाढीचा पाया निर्यात होता आणि निर्यातीचा पाया दूरदेशीच्या ग्राहकाशी केलेला करार. या करारात पुष्कळदा काम किती, तारीख कोणती, पैसे किती आणि माणसे किती हे चारही आधीच बांधलेले असते. त्यावर सही झाल्यानंतर संघाला सांगितले जाते की आता अॅजाइलने काम करा. म्हणजे ज्या पद्धतीत वेळ पक्की आणि काम सैल असायला हवे, तिथे दोन्ही पक्की. मग सैल उरते ती एकच गोष्ट, काम करणाऱ्याची संध्याकाळ.

धानाच्या पट्ट्यातल्या कोणालाही यातला अन्याय पटकन कळेल. रोवणीचे काम दोन तऱ्हांनी दिले जाते. रोजीने दिले तर वेळ ठरलेली असते. दिवस मावळतीला आला की बाया बांधीतून बाहेर निघतात, जेवढी रोवणी झाली तेवढी झाली. गुत्त्याने दिले तर काम ठरलेले असते. इतक्या एकरांचे इतके पैसे, मग टोळीने पहाटे सुरुवात करावी की उशिरापर्यंत राबावे हे तिचे तिने पाहावे, आणि लवकर आटोपले तर उरलेला वेळ तिचा. दोन्ही तऱ्हांत एक बाजू बांधलेली आणि दुसरी मोकळी असते. सॉफ्टवेअरच्या अनेक संघांत मात्र हजेरी रोजीची आणि काम गुत्त्याचे असा सौदा झालेला आहे. काम लवकर संपले तर उरलेला वेळ आपला होत नाही, त्या जागी यादीतले पुढचे काम येते. काम लांबले तर जादा तासांचा मोबदला मिळत नाही, कारण पगार महिन्याचा आहे. अॅजाइलने हा सौदा निर्माण केला नाही, तो आधीपासून होता. पण दर दोन आठवड्यांची मुदत त्यावर बसली आणि वर्षाला २६ वेळा तो वसूल होऊ लागला.

त्यात घड्याळांचा फरक मिसळला की तास आणखी पसरतात. स्क्रममध्ये रोज १५ मिनिटांची एक बैठक असते, तिलाच सगळे स्टँडअप म्हणतात. न्यूयॉर्कचा ग्राहक सकाळी नऊला त्या बैठकीत बसला तर पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा साडेसात. ग्राहक सॅन फ्रान्सिस्कोचा असेल तर तीच सकाळची नऊची वेळ पुण्यात रात्री साडेनऊ किंवा साडेदहाला येते. बैठक पंधरा मिनिटांचीच असते, पण दिवस तिच्यापर्यंत ताणला जातो, कारण सकाळी दहाला बसलेला माणूस तिच्या आधी निघू शकत नाही. शिवाय बैठकांचा स्वतःचा वेळही आहे. स्क्रमच्या नियमपुस्तिकेतल्या कमाल मर्यादा दोन आठवड्यांच्या हिशेबाने धरल्या तर आखणीला ४ तास, कामाच्या सादरीकरणाला २, मागोवा घेण्याला दीड आणि रोजच्या बैठकांना अडीच, असे १० तास होतात. आठवड्याचे ४० तास धरले तर दोन आठवड्यांच्या ८० तासांतला हा आठवा हिस्सा. आखणी करताना तो वजा केला तर काहीच बिघडत नाही. पण पुरे ८० तास प्रोग्रॅम लिहिण्याचे धरले, तर हे १० तास कुठून तरी काढावे लागतात, आणि ते रात्रीतूनच निघतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. अॅजाइलमध्ये संघ स्वतःच काम निवडतो, मग जास्त काम घेतले तर दोष कोणाचा? कागदावर हे खरे आहे. पण निवड खरी की नावापुरती, हे ‘नाही’ म्हणण्याची किंमत किती यावर ठरते. संघाच्या कामाच्या तक्त्यावर प्रत्येकाचे नाव आणि त्यापुढचे काम सर्वांना दिसते. रोज सकाळी किंवा संध्याकाळी काल काय केले हे सगळ्यांसमोर सांगायचे असते. मागच्या स्प्रिंटमध्ये ४० पॉइंट झाले तर या वेळी ४५ का नाहीत, असे हसतहसत विचारले जाते. वार्षिक मूल्यमापन वरिष्ठाच्या हातात असते आणि प्रकल्प सुटला तर बेंचवर, म्हणजे कामाविना, बसण्याची भीती असते. अशा वेळी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा, शैक्षणिक कर्जाचा हप्ता फेडणारा चोवीस वर्षांचा मुलगा ‘एवढे होणार नाही’ असे क्वचितच म्हणतो. वरून आलेला हुकूम निदान ओळखता येतो, त्याच्याशी भांडता येते. आपणच दिलेल्या शब्दाशी भांडणे अवघड जाते, आणि बाजूच्या सहकाऱ्याला अडचणीत टाकण्याची लाज त्याहून जड असते. म्हणून स्वयंनिर्णयाचे नाव असलेल्या संघांतही तास निमूटपणे वाढू शकतात.

दुसरा आक्षेप ग्राहकाच्या बाजूचा आहे. त्याला तारीख लागतेच. बँकेचा नवा नियम १ एप्रिलला लागू होणार असेल, तर सॉफ्टवेअर १५ एप्रिलला देऊन चालत नाही. हे मान्य करावेच लागेल, आणि अॅजाइलचे त्यावरचे उत्तर पूर्ण आहे. तारीख पक्की असेल तर काम सैल करा. १ एप्रिलला लागणारे नेमके काय आणि मागाहून चालेल असे काय, हे ग्राहकाने क्रमाने सांगावे आणि संघाने वरून सुरुवात करावी. तारीख जितकी कठोर, तितकी ही क्रमवारी अधिक आवश्यक होते. अडचण तारखेमुळे येत नाही, सगळेच सारखे महत्त्वाचे आहे असे म्हणण्यामुळे येते. तसे म्हणणाऱ्याला त्यासाठी काही मोजावे लागत नाही, तोवर तो तसे म्हणतच राहतो. म्हणून करार करताना तारीख आणि पैसे बांधावेत, पण कामाच्या यादीची अदलाबदल खुली ठेवावी. असे करार जगात होतात आणि आपल्याकडेही होऊ शकतात. त्यासाठी विक्री करणाऱ्यांनी सही करण्याआधी काम करणाऱ्यांना विचारले पाहिजे.

तिसरा आक्षेप अधिक मोठ्या आवाजात येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले, आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांबद्दलचे उद्गार गाजले. मागास देशाला पुढे यायचे तर कष्ट उपसावे लागतात, या भावनेचा आदर करावा. पण जास्त तास म्हणजे जास्त काम, हे गृहीतक तपासून पाहावे. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेनकाव्हेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कामगारांच्या नोंदींचा अभ्यास केला. आठवड्याच्या सुमारे ५० तासांपुढे प्रत्येक जादा तासाचे उत्पादन घसरत गेले, आणि ७० तासांत निघालेले काम ५६ तासांतल्या कामाहून फारसे अधिक नव्हते. ही हाताने करायच्या कामाची गोष्ट. चुकीची किंमत पुढे वाढत जाणाऱ्या डोक्याच्या कामात फायदा याहून कमीच असणार. आणि शरीराचा हिशेब वेगळा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक आढळला. देश घडवायला माणसे पन्नाशीपर्यंत धडधाकट राहणेही लागते.

मग ही पद्धतच टाकून द्यावी का? तसे केल्याने जुनीच रीत परत येईल, आणि तिच्यात सगळा उशीर शेवटी साठतो हे आपण पाहिले. शिवाय अॅजाइल एकसंध वस्तू नाही, तो अनेक सवयींचा संच आहे आणि त्या सवयींचे परिणाम वेगवेगळे आहेत. आपोआप होणारी चाचणी, रोजचे एकत्रीकरण, छोटे छोटे रिलीज, हातातल्या कामांना मर्यादा या सवयी तास वाचवतात, कारण त्या चुका आणि खोळंबा कमी करतात. रोजची बैठक, पॉइंटची बेरीज, तक्ता आणि दोन आठवड्यांची मुदत या सवयी स्वतः तास वाचवत नाहीत. त्या केवळ काय चालले आहे ते दाखवतात, आणि दाखवलेल्या गोष्टीचे पुढे काय करायचे हे सत्तेवर ठरते. दुर्दैवाने दुसऱ्या गटातल्या सवयी एका आठवड्याच्या प्रशिक्षणात लावता येतात, पहिल्या गटातल्या सवयींना पैसा, वेळ आणि कौशल्य लागते. म्हणून पुष्कळ ठिकाणी अॅजाइलच्या नावाखाली बैठका येतात, चाचण्या येत नाहीत. अशा ठिकाणी तास वाढले तर नवल नाही.

हा प्रश्न केवळ कंपनीच्या आतला नाही, कारण कामाचे तास हा महाराष्ट्रात दीड शतकाचा सार्वजनिक प्रश्न आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे कायद्याने तास पायरीपायरीने खाली आले. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी ज्या सुधारणांना गती दिली, त्या काळात, १९४६ मध्ये, कारखान्यांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. प्रत्येक वेळी मालकांनी उत्पादन बुडेल असे सांगितले आणि प्रत्येक वेळी वेळ आधी ठरली, काम मागाहून तिच्यात बसले. अॅजाइलचा मूळ नियमही हाच आहे. आज सॉफ्टवेअर कंपन्यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू आहे. त्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, जादा कामाला दुप्पट वेतन आणि तीन महिन्यांत १२५ तासांपर्यंतच जादा काम अशी तरतूद होती. गोपनीय, व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षणाच्या जागा त्यातून वगळलेल्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा १० तासांवर आणि तिमाही जादा काम १४४ तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. मर्यादा काहीही असो, तिचा उपयोग तास खरे नोंदवले तरच होतो. टाइमशीटमध्ये रोज ठरावीक आकडा भरायचा आणि रात्रीचा कॉल कुठेच लिहायचा नाही, ही सवय जिथे रुजली तिथे कोणताही कायदा आंधळा आहे.

म्हणून सुधारणेची सुरुवात नोंदीपासून व्हावी. अॅजाइल संघ पॉइंट मोजतो, चुका मोजतो, कामाला लागलेले दिवस मोजतो, मग त्याच तक्त्यावर खरे तासही मोजता येतात. लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात जादा काम झाले तर दर दोन आठवड्यांच्या मागोव्याच्या बैठकीत तो पहिला विषय असावा, आणि त्याचे उत्तर यादीतून काम काढून द्यावे, माणसांच्या झोपेतून काढू नये. रात्रीच्या बैठकांचा भार पाळीपाळीने दोन्ही देशांनी वाटून घ्यावा, कधी पुण्याने उशिरा थांबावे, कधी न्यूयॉर्कने लवकर उठावे. नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनी मुलाखतीत पगाराइतकेच स्पष्ट विचारावे की स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचे हे कोण ठरवते, आणि मागच्या वेळी काम उरले तेव्हा काय झाले. काम पुढच्या स्प्रिंटमध्ये गेले असे उत्तर आले तर तिथे अॅजाइल आहे. सगळ्यांनी शनिवारी बसून संपवले असे अभिमानाने सांगितले, तर तिथे त्या पद्धतीचे फक्त नाव आहे. ज्या आईवडिलांनी शेती-मजुरीतून शिक्षणाचा खर्च उचलला, त्यांनीही आपल्या लेकरांना हा प्रश्न विचारण्याचे बळ द्यावे. तासांची मर्यादा मागणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे, तो या पद्धतीच्या जनकांनीच घालून दिलेला नियम आहे.